गाडी बदलणाऱ्याची वाट आधी आखा

शहराच्या मध्यभागी नवे इंटरचेंज रचणाऱ्या वास्तुविशारदांना, अभियंत्यांना आणि त्या आराखड्यावर सही करणाऱ्या अधिकाऱ्यांना,

सप्रेम नमस्कार.

मी बसस्थानकावर वाहतूक नियंत्रक होतो. २८ वर्षे केबिनच्या खिडकीतून फलाट पाहिले. कुठली गाडी कुठे लावायची, कुठली आधी सोडायची, उशिरा आलेल्या गाडीची फेरी कशी सावरायची, हेच माझे काम. निवृत्त झालो, तरी त्या खिडकीतून पाहिलेली एक रात्र मनातून जात नाही. रेल्वे चार मिनिटे उशिरा आली होती. आमची शेवटची बस वेळेवर लागलेली होती आणि वेळापत्रकाप्रमाणे ती तेव्हाच सुटायला हवी होती. मी नोंदवहीत वेळ टाकली, वाहकाने बेल दिली, गाडी हलली. तेवढ्यात पादचारी पुलाच्या जिन्यावर एक बाई दिसली. कडेवर मूल, दुसऱ्या हातात पिशवी. धावत होती, पण मूल घेऊन जिन्यावरून माणूस किती धावणार? ती फलाटावर पोचली तेव्हा गाडी फाटकाबाहेर पडली होती.

रेल्वेने आपले काम केले होते. आम्हीही आमचे केले होते. त्या दोघांच्या मधल्या तीनचारशे मीटरला मात्र कुणीच धनी नव्हता. हे पत्र त्या तीनचारशे मीटरबद्दल आहे.

नव्या इंटरचेंजची चर्चा सुरू झाली की टेबलावर पहिल्यांदा इमारतीचे चित्र येते. छपराचा आकार, दर्शनी काच, वरच्या मजल्यांवर काय येणार, किती चौरस मीटर भाड्याने देता येतील. ती चर्चा करायला माझी हरकत नाही, ती पहिली येते याला आहे. इंटरचेंज म्हणजे साध्या मराठीत गाडी बदलण्याची जागा. तिथे राहायला कुणी येत नाही. एका गाडीतून उतरून दुसरीत बसायचे, एवढ्यासाठी माणूस तिथे पाय ठेवतो. म्हणून कागदावर पहिली रेघ त्याच्या पावलांची पडायला हवी.

ती रेघ मोजायची कशी, ते सांगतो. प्रत्येक फलाटापासून प्रत्येक फलाटापर्यंतचे अंतर मीटरमध्ये लिहा. शेजारी लिहा, किती वेळा वर-खाली करावे लागते, किती वेळा गाड्यांचा रस्ता ओलांडावा लागतो, किती अंतर उघड्यावर आहे. मग वेळ काढा, पण धडधाकट माणसाची काढू नका. तो सेकंदाला सव्वा मीटरच्या आसपास चालतो, ४०० मीटर सव्वापाच मिनिटांच्या आसपास कापतो. सेकंदाला ०.८ मीटर चालणाऱ्या वयस्क माणसाला त्याच अंतराला ८ मिनिटांहून जास्त लागतात, आणि जिना आला की पुढचे गणितच सांगता येत नाही. वाहतूक नियोजनात बदलीसाठी चालण्याचा किंवा थांबण्याचा एक मिनिट गाडीत बसल्याच्या साधारण दोन मिनिटांइतका जड धरण्याची जुनी रीत आहे. त्या हिशेबाने आठ मिनिटांची पायपीट म्हणजे पावतास प्रवास लांबल्यासारखे. मेट्रोचा वेग वाढवून वाचवलेली मिनिटे अशी एका बोळात संपून जातात.

हा तक्ता झाला की कोणत्या बदलीला किती माणसे आहेत ते त्यावर मांडा. सगळ्यांना सगळे जवळ देता येणार नाही, हे मलाही कळते. पण ज्या दोन गाड्यांमध्ये सर्वांत जास्त माणसे ये-जा करतात, त्यांच्यातले अंतर सर्वांत कमी असले पाहिजे, आणि ते तसे नसेल तर का नाही, याचे उत्तर आराखड्यात लेखी असले पाहिजे. हाँगकाँगच्या मेट्रोत मोंग कोक आणि प्रिन्स एडवर्ड ही लागून असलेली दोन स्थानके आहेत. दोन मार्ग तिथे असे गुंफले आहेत की काही दिशांची बदली एका स्थानकात फलाटाच्या एका कडेवरून समोरच्या कडेला होते आणि उरलेल्या दिशांची दुसऱ्या स्थानकात. उतरायचे, दहा पावले टाकायची, समोरच्या गाडीत चढायचे. त्यासाठी बोगद्यांना एकमेकांच्या वरून-खालून वळवावे लागले. खर्च आणि कष्ट बांधणाऱ्यांनी एकदाच सोसले, नाहीतर ते प्रवाशांना रोज सोसावे लागले असते. चांगल्या इंटरचेंजची याहून चांगली ओळख मला माहीत नाही.

मध्यवस्तीत जमीन कमी, म्हणून एकावर एक मजले येतात. बर्लिनच्या मुख्य स्थानकात, जे २००६ मध्ये खुले झाले, पूर्व-पश्चिम रूळ रस्त्याच्या वर आणि उत्तर-दक्षिण रूळ जमिनीखाली आहेत. अशी रचना वाईट नाही, आडवे चालणे ती वाचवते. पण मग लिफ्ट ही सोय न राहता रस्ता होते. एक उदाहरण करून पाहा: ५ मीटर उंची चढायची आणि उताराचे प्रमाण १ ला १२ ठेवायचे, तर ६० मीटर लांब रॅम्प लागतो, वर मधल्या सपाट टप्प्यांची लांबी वेगळी. चाकाच्या खुर्चीतल्या माणसाने हाताने एवढे चढावे, अशी अपेक्षा करणे योग्य नाही. सरकता जिना त्याच्या कामाचा नाही, बाळाची गाडी किंवा मोठी बॅग असलेल्याच्याही नाही. म्हणून प्रत्येक पातळीला किमान दोन लिफ्ट हव्यात. एक कधी ना कधी बंद पडणारच, आणि एकच असेल तर त्या दिवशी काही माणसांसाठी सगळे स्थानकच बंद होते. त्या लिफ्ट मुख्य वाटेवर, सगळे चालतात तिथे हव्यात. मागच्या कोपऱ्यात, सामानाच्या दाराशेजारी नकोत.

आता बसच्या फलाटांकडे येतो. इथे मला जरा जास्त बोलायचे आहे, कारण याच गोष्टीत मी आयुष्य घालवले आणि आराखड्यांमध्ये याच गोष्टीकडे सर्वांत कमी लक्ष दिलेले पाहिले.

फलाटांची संख्या गाड्यांच्या संख्येवरून ठरत नाही, गाडी फलाटावर किती वेळ उभी राहते त्यावरून ठरते. गाडी लागली, माणसे उतरली-चढली, गाडी निघाली आणि मागची आत आली, या सगळ्याला ४ मिनिटे धरली तर एका फलाटावरून तासाला १५ गाड्या जातात. तीच गाडी पुढच्या फेरीची वाट पाहत १५ मिनिटे तिथेच उभी राहिली, तर ४. म्हणजे तासाला ६० गाड्यांसाठी पहिल्या रीतीने ४ फलाट लागतील आणि दुसऱ्या रीतीने १५. गाड्या घड्याळाच्या ठोक्यावर येत नाहीत, त्यामुळे प्रत्यक्षात दोन्ही आकडे वाढवून धरावे लागतात, पण त्यांच्यातला फरक तसाच राहतो. तो फरक म्हणजे शहरातली सर्वांत मोलाची जमीन. म्हणून उभ्या राहणाऱ्या गाड्यांसाठी वेगळा तळ हवा, आणि तो पाचसात मिनिटांच्या आत हवा. लांब गेला तर रिकाम्या गाड्यांच्या चकरा वाढतात आणि रस्त्यात अडकलेली गाडी फलाटावर वेळेत येत नाही.

उभे राहण्याचा वेळही कमी करता येतो. ब्राझीलमधल्या कुरिचिबा शहरात १९९१ मध्ये नळीच्या आकाराचे थांबे आले. तिकीट थांब्यात शिरतानाच घ्यायचे आणि थांब्याची पातळी बसच्या तळाइतकीच उंच, त्यामुळे पायरी नाही, चढताना सुटे पैसे काढणे नाही. गाडी काही सेकंदांत मोकळी होते. चाकाच्या खुर्चीला जी पातळी सोयीची, तीच सगळ्यांचा वेळ वाचवते.

ज्या तळावर गाड्या मागे घ्याव्या लागतात तिथे माझा जीव कायम टांगणीला असायचा. चालकाला मागे दिसत नाही, माणसे गाडीच्या मागूनच वाट काढतात, आणि शिट्टी मारणारा एकच असतो. शक्य असेल तिथे गाडी एका बाजूने यावी आणि दुसऱ्या बाजूने निघावी. जागा नसेल आणि गाडी मागे घेणे टाळता येत नसेल, तर त्या पट्ट्यात प्रवाशाचे पाऊल पडता कामा नये. हेलसिंकीतल्या कांप्पी या भूमिगत बसस्थानकात, जे २००५ मध्ये सुरू झाले, प्रवासी काचेआडच्या दालनात थांबतात आणि गाडी लागली की दार उघडते. माणूस आणि चालती गाडी एकाच फरशीवर येत नाहीत. धूरही आत येत नाही, आणि ते तितकेच महत्त्वाचे आहे. डिझेलचा धूर माणसात कर्करोग घडवतो, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्ये जाहीर केले. प्रवासी त्यात दहा मिनिटे असतो, झाडूवाला आणि नियंत्रक आठ तास. विजेच्या बस आल्यावर धूर जाईल, पण चार्जिंगला वेळ आणि जागा लागेल. ती जागा फलाटावर धरायची की मागच्या तळावर, हे आजच ठरवले नाही तर वरचे सगळे गणित कोसळेल.

अलीकडे एक नवी पद्धत आली आहे. कुठलीही बस मोकळ्या असेल त्या फलाटावर लागते आणि पाटीवर क्रमांक येतो. जमीन वाचते, हे खरे. पण रोज त्याच खांबाशी उभे राहणारी अंध व्यक्ती आणि पाटी वाचता न येणारा माणूस यांना ती पद्धत दर वेळी नव्याने हरवते. माझे मत असे की एका दिशेच्या गाड्यांचा एक गट करावा, त्या गटाला शेजारशेजारचे तीनचार फलाट कायमचे द्यावेत, आणि अदलाबदल त्यांच्यातच व्हावी, तीही बोलून सांगून. थोडी जमीन जास्त जाईल. जाऊ द्या.

चालक-वाहकांसाठी स्वच्छतागृह आणि बसायला खोली फलाटापासून दोन मिनिटांवर हवी. हे सोयीसुविधांच्या यादीत शेवटी लिहिले जाते आणि पैसे कमी पडले की पहिले कापले जाते. फेऱ्यांच्या मधली आठ मिनिटे त्यांना रांगेत आणि चालण्यात घालवावे लागले, तर पुढची फेरी उशिरा सुटते, आणि त्या गाडीची वाट पाहणारे साठ जण उशिरा पोचतात. महिला चालक-वाहक आता मोठ्या संख्येने येत आहेत. त्यांनी पाणी पिणे टाळून ड्यूटी काढावी, अशी इमारत कृपा करून बांधू नका.

या सगळ्याच्या आधी एक कागद हवा आणि तो वास्तुविशारदाकडे नसतो: वेळापत्रक. स्वित्झर्लंडने १९८२ मध्ये देशभर ठरावीक मिनिटाला गाड्या सोडण्याची पद्धत लागू केली. मोठ्या स्थानकात वेगवेगळ्या दिशांच्या गाड्या पूर्ण तासाच्या थोड्या आधी येतात, प्रवासी बदली करतात, आणि तास उलटल्यावर सगळ्या निघतात. हे जमण्यासाठी दोन मोठ्या स्थानकांतले अंतर तासाच्या आत कापले गेले पाहिजे. बर्न ते झुरिच त्याहून थोडे जास्त लागत होते. म्हणून सुमारे ४५ किलोमीटरचा नवा मार्ग बांधला आणि २००४ च्या डिसेंबरपासून तो प्रवास तासाच्या आत आला. किती वेगाने जायचे, हे बदली जुळण्यासाठी किती वेग लागतो त्यावरून ठरवले. आधी वेळापत्रक, मग रूळ.

तुमच्या कामाशी याचा थेट संबंध आहे. सगळ्या गाड्या एकाच वेळी आणायच्या ठरवल्या तर सगळ्यांना एकाच वेळी फलाट लागतात, आणि मी वर सांगितलेली बचत राहत नाही. दर चारपाच मिनिटांनी गाडी असेल तर वेळ जुळवण्याची गरज नाही, एक गेली की दुसरी येते. पण रात्री साडेनऊनंतर, जेव्हा फेऱ्या अर्ध्या तासावर जातात, तेव्हा एकत्र येणे हाच प्रवाशाचा आधार असतो. दिवसाच्या गर्दीला एक रचना सोयीची, रात्रीच्या विरळ वेळेला दुसरी. दोन्हींना पुरेल अशी फलाटांची संख्या किती, हे वेळापत्रक बनवणाऱ्याला शेजारी बसवल्याशिवाय काढता येत नाही. तो माणूस पहिल्या दिवसापासून तुमच्या खोलीत हवा.

आणि इमारतीला एकच धनी हवा. रेल्वे एकाची, मेट्रो दुसऱ्याची, बस तिसऱ्याची, मधला बोगदा चौथ्याचा, अशी वाटणी झाली की दिवा गेला तरी तक्रार फिरत राहते. जर्मनीतल्या हॅम्बुर्गने १९६५ मध्येच वेगवेगळ्या वाहतूक संस्थांचा एक संघ उभारला. तिकीट एक, वेळापत्रकांचा मेळ एकत्र. मालकी वेगळी असली तरी प्रवाशाला त्याची झळ लागू नये, हा त्यामागचा विचार. इंटरचेंजमध्ये किमान एवढे तरी करा: एकच नियंत्रण कक्ष ठेवा, त्यात सगळ्या सेवांची माणसे एकाच टेबलाशी बसवा, आणि शेवटच्या गाड्यांसाठी लेखी नियम करा. रेल्वे अमुक मिनिटांपर्यंत उशिरा असेल तर बस थांबेल. त्या रात्री माझ्याकडे असा नियम नव्हता, आणि रेल्वे किती उशिरा आहे हे सांगणारा फोनही नव्हता. नियम असता तर मी चार मिनिटे थांबलो असतो.

पाट्यांबद्दल थोडक्यात. टोकियोच्या शिंजुकू स्थानकाला २०० हून जास्त दरवाजे आहेत. एवढ्या मोठ्या जागेत पाटी कितीही चांगली असली तरी तिला मर्यादा असते. उतरल्यावर पुढची गाडी डोळ्यांना दिसली, तर पाटीचे अर्धे काम उरत नाही. वाट सरळ ठेवा, मध्ये खांब आणि दुकाने आणून नजर तोडू नका. दुकाने असू द्यात, रात्री त्यांच्या उजेडाचा आधार वाटतो, पण वाटेच्या कडेला. प्रवाशाला त्यांच्यामधून वळसा घालायला लावू नका. जमिनीवरच्या उठावदार पट्ट्या जपानमध्ये सेइइची मियाके यांनी तयार केल्या आणि १९६७ मध्ये ओकायामा शहरात पहिल्यांदा बसवल्या. ठिपके म्हणजे थांबा, उभ्या रेघा म्हणजे या दिशेने चला. ही एक भाषा आहे. फरशीची नक्षी शोभावी म्हणून ती मोडली किंवा तिच्यावर खुर्च्या आणि कचराकुंड्या मांडल्या, तर वाचणाऱ्याला ती चुकीचे सांगते.

मोठे स्वप्न पाहू नये, असे मी म्हणत नाही. सॅन फ्रान्सिस्कोचे नवे ट्रान्झिट सेंटर ऑगस्ट २०१८ मध्ये खुले झाले. छतावर मोठी बाग आहे, आणि बसना खाडीवरच्या पुलावर जायला स्वतंत्र उंच रस्ता आहे. तो रस्ता मला खरोखर आवडतो, कारण त्यामुळे बस शहराच्या कोंडीत सापडत नाही. पण दोन महिने होण्याआधीच पोलादी तुळयांना तडे गेलेले आढळले आणि इमारत २०१९ च्या उन्हाळ्यापर्यंत बंद राहिली. तळघरात रेल्वेसाठी जागा बांधून तयार आहे, रेल्वे मात्र तिथपर्यंत अजून पोचलेली नाही. बर्लिनच्या देखण्या स्थानकालाही ट्राम २०१४ च्या शेवटी मिळाली, म्हणजे उद्घाटनानंतर आठ वर्षांनी. इमारत पुढे आणि जोडणी मागे, हा क्रम जगभर दिसतो. जोडणी अंदाजपत्रकाच्या दुसऱ्या टप्प्यात टाकलीत, तर प्रवासी तेवढी वर्षे मधले अंतर चालत राहील.

देखभालीचे पैसे बांधकामाच्या पैशांबरोबरच राखून ठेवा. लंडनच्या किंग्ज क्रॉस स्थानकात १८ नोव्हेंबर १९८७ च्या संध्याकाळी लाकडी सरकत्या जिन्याखाली साचलेल्या वंगणाने आणि कचऱ्याने पेट घेतला. ३१ माणसे गेली. ती आग एका दिवसात तयार झाली नव्हती. ती जागा वर्षानुवर्षे साफ करायची राहून गेली होती.

बांधकामाच्या काळाचेही बघा. नेदरलँड्समधल्या आर्नहेम स्थानकाच्या नव्या रचनेवर १९९६ पासून काम चालू होते आणि मुख्य दालन खुले झाले २०१५ मध्ये. प्रवाशांचे प्रवाह आधी अभ्यासून त्यावरून इमारतीला आकार दिला, म्हणून मला त्या कामाबद्दल आदर आहे. पण एवढ्या काळात एखादे मूल शाळेत जाऊन कॉलेज पूर्ण करून बाहेर पडते. त्याच्यासाठी तात्पुरता थांबा हाच खरा थांबा असतो. तात्पुरत्या फलाटावरही छप्पर, दिवे, बाक, सपाट वाट आणि स्वच्छतागृह हवे, आणि त्याचा नकाशा मुख्य आराखड्याइतक्याच बारकाईने काढलेला हवा.

एक विनंती करून थांबतो. सही करण्याआधी एखादे मोकळे मैदान घ्या आणि त्यावर चुन्याने तुमचा आराखडा खऱ्या मापात आखा. जिने असतील तिथे खरे जिने शोधून तेवढ्या पायऱ्या चढा. मग ज्यांची सही होणार आहे त्या सगळ्यांनी रेल्वेच्या दारापासून बसच्या दारापर्यंत चालावे. एकाने कडेवर दहा किलोचे ओझे घ्यावे, एकाने चाकाच्या खुर्चीत बसावे, एकाने डोळ्यांवर पट्टी बांधावी. दिवसा नको, शेवटच्या बसच्या वेळी, तेव्हा जेवढा उजेड असेल तेवढ्यातच. लागलेली मिनिटे आराखड्याच्या पहिल्या पानावर लिहा.

वेळ मोजायला बोलावलेत तर मी येईन.

आपला,
एक निवृत्त वाहतूक नियंत्रक